ब्लॅडरच्या खालची ओळ

पोटाच्या सोनोग्राफीला आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी पाणी प्यायला लावतात. चांगलं लिटरभर. मग बाकावर बसवतात आणि लघवीला जायचं नाही म्हणून बजावतात. पाळीची तक्रार असो, प्रोस्टेटची असो, दिवस राहत नाहीत म्हणून तपासणी असो, नियम एकच. बाकावर नजर ठेवायचं काम मावशींचं. कुणाची पिशवी भरली हे त्या नुसत्या बसण्यावरून ओळखतात. गुडघे जुळवून पुढं वाकलेल्या बाईला "चला वैनी, झाली तुमची" म्हणून उठवतात आणि निवांत मोबाइल बघत बसलेल्या काकांच्या हातात आणखी एक बाटली देतात. मी नवी होते तेव्हा मला हा निव्वळ छळ वाटायचा. बघायचंय गर्भाशय, मग लघवी कशाला तुंबवायची?

मी वाणिज्य शाखेची. बी.कॉम., टॅली आणि टायपिंगच्या परीक्षा. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एका सोनोग्राफी सेंटरला रिपोर्ट टाइप करायला आणि गरोदर बायकांचे एफ फॉर्म भरायला मुलगी हवी होती. पगार पतसंस्थेपेक्षा बरा होता, म्हणून गेले. शरीराचं ज्ञान म्हणाल तर शाळेतलं. उत्सर्जनसंस्था एका धड्यात: दोन मूत्रपिंडं, दोन नळ्या, एक मूत्राशय. प्रजननसंस्था दुसऱ्या धड्यात, आणि तो धडा बाईंनी "घरी वाचून घ्या" म्हणून उरकलेला. आकृत्या वेगवेगळ्या पानांवर होत्या, त्यामुळे माझ्या डोक्यात त्या जणू वेगवेगळ्या माणसांच्याच होत्या.

कामाची पद्धत अशी, की सर, म्हणजे सेंटरचे डॉक्टर, आत अंधारात प्रोब फिरवत इंग्रजीत सांगत जातात आणि मी पडद्याआड बसून टाइप करते. रिपोर्टचे साचे तयार असतात. आकडे बदलायचे, वेगळं काही असेल तेवढं घालायचं. पुरुषांचा साचा एक, बायकांचा एक. एकदा दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले आणि चमकलेच. लिव्हर, पित्ताशय, पॅन्क्रिआज, स्प्लीन, दोन्ही किडन्या, युरिनरी ब्लॅडर. इथपर्यंत शब्द न् शब्द सारखा. ब्लॅडरच्या खाली तेवढी ओळ वेगळी. पुरुषांच्यात प्रोस्टेट, बायकांच्यात युटेरस आणि ओव्हरीज. पोटातला बाई-पुरुष हा फरक इतक्या खाली सुरू होतो, आणि तोही लघवीच्या पिशवीला खेटून, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यात मुतखड्यासाठी 'केयूबी' नावाची तपासणी असते. किडनी, युरेटर, ब्लॅडर, एवढंच बघायचं. पण सर त्यातही शेवटी प्रोस्टेट किंवा गर्भाशय सांगायचेच. चिठ्ठीवर लिहिलेलं नाही, जादा पैसे घेतलेले नाहीत, मग कशासाठी? विचारलं. सर तसे कमी बोलणारे. म्हणाले, "दारात गेलोच आहे तर शेजारी डोकावू नको?"

पाण्याचं कारण मात्र त्यांनी नीट समजावलं. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरींना हवा चालत नाही. आतड्यात गॅस असतो, तो आडवा आला की पलीकडचं काही दिसत नाही. पाण्यातून मात्र लहरी आरामात जातात. मूत्राशय भरला की वर येतो, आतड्यांना बाजूला सारतो, आणि त्याच्या मागे असलेलं गर्भाशय त्या पाण्यातून स्वच्छ दिसतं. मी उठून पडद्यावर पाहिलं. वर काळाकुट्ट मूत्राशय, खाली राखाडी गर्भाशय आणि मध्ये जेमतेम रेघभर जागा. पुरुषांत तर तीही नाही. मूत्राशयाच्या तोंडाशीच प्रोस्टेट बसलेली आणि लघवीची वाट थेट तिच्यामधून गेलेली.

या वाटेनं मला बरेच दिवस घोळात घातलं. आमच्याकडे सकाळी साठीच्या पुढच्या काकांची रांग असते. रात्री चार-चार वेळा उठावं लागतं, धार बारीक, झाली तरी झाल्यासारखी वाटत नाही. सर आधी भरलेला मूत्राशय मोजतात, मग "जाऊन या" म्हणून पाठवतात आणि परत मोजतात. आत किती लघवी शिल्लक राहिली तो आकडा मी टाइप करते. प्रोस्टेटचं वजनही. साधारण २० ते २५ ग्रॅमची ही ग्रंथी या रांगेत ४०, ६०, कधी ८० ग्रॅमची निघते. मी ती लघवीचाच कसला तरी अवयव समजत होते. एकदा दिवस राहत नाहीत म्हणून तपासणीला आलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये सरांनी प्रोस्टेट बारकाईनं बघितली, तेव्हा कळलं की तिचं काम लघवीशी नाहीच. वीर्यातल्या द्रवाचा एक भाग ती करते. म्हणजे ग्रंथी मुलाबाळांच्या कामाची, बसली आहे लघवीच्या वाटेवर, आणि मुलाबाळांचं काम आटोपल्यावर वाढून त्रास देते तो लघवीला! घर बांधताना अशी जागा कुणी ठरवली असती तर मिस्त्रीला हाकललं असतं.

औषधंही दोन्हीकडे हात घालतात. प्रोस्टेट लहान व्हावी म्हणून देतात ती फिनास्टेराइडची गोळी पुरुषी हार्मोनवर काम करते. टेस्टोस्टेरॉनचं जे जोरकस रूप ग्रंथी वाढवतं ते तयार होणं ती रोखते. वाट सैल करणारी टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू ढिले करते, म्हणून काहींना संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर आलेलं दिसत नाही. एरवी वीर्य येताना मूत्राशयाचं तोंड आवळलेलं असतं, लघवी आणि वीर्य त्याच नळीतून गेले तरी एकत्र येत नाहीत. तोंड ढिलं पडलं की वीर्य उलटं आत जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरही हे होतं. धोका काही नाही. पण हे आधी न सांगितल्यामुळे घाबरून आलेले एक निवृत्त गुरुजी मी पाहिलेत. ते सरांशी इतक्या हळू बोलत होते, की सरांनी मला बाहेर जाऊन चहा सांगायला लावलं.

नसबंदीचंही तसंच. पुरुषांची नसबंदी म्हटलं की गावात पहिली शंका, लघवीला त्रास होईल का? होत नाही. कापतात ती शुक्रवाहिनी, वृषणाच्या वर, कातडीखाली. ती लघवीच्या नळीला मिळते पार आत, प्रोस्टेटमध्ये. लघवीच्या वाटेला कुणी हातही लावत नाही. टाक्याचं म्हणाल तर बायकांच्या ऑपरेशनपेक्षा हे कितीतरी सोपं, आणि तरी रांगेत बायकाच उभ्या.

बायकांच्यात वाटा वेगळ्या आहेत. लघवीची वेगळी, पाळीची वेगळी. हे सांगताना मला संकोच वाटतो तो विषयाचा नाही. आमच्याकडे येणाऱ्या दोन-दोन लेकरांच्या आयांनाही ते ठाऊक नसतं, याचा वाटतो. पण वेगळ्या म्हणजे लांब नव्हेत. बायकांची लघवीची नळी जेमतेम ४ सेंटिमीटरची, पुरुषांची १८ ते २०. जंतूंना बायकांचा मूत्राशय गाठणं केवढं सोपं! म्हणून उन्हाळी लागते ती जास्त करून बायकांना. पाळी गेल्यानंतरच्या बायका तर "सारखी जळजळ, सारखी घाई" म्हणत येतात आणि लघवीच्या तपासणीत पुष्कळदा जंतू सापडतच नाहीत. पाळीचं हार्मोन, इस्ट्रोजेन, योनीच्या अस्तराला जसं लागतं तसं लघवीच्या नळीच्या अस्तरालाही लागतं. ते कमी झालं की दोन्ही एकदमच कोरडी, पातळ होतात. डॉक्टरांनी २०१४ पासून या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं आहे. त्याआधी त्या तक्रारी दोन कागदांवर लिहिल्या जायच्या.

हे सगळं शेजाराचं झालं. शेजार मला हळूहळू पटला होता. पण एका मुलीच्या रिपोर्टनं कळलं, की प्रकरण शेजाराच्या बरंच पलीकडचं आहे. (ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत.)

मुलगी नववीतली. पाळी सुरू होऊन वर्ष झालेलं. येते वेळेवर, पण दर महिन्याला आधीच्यापेक्षा जास्त दुखतं. "आमच्यातबी दुखायचं की, एवढं काय," असं आजी म्हणाली होती म्हणून आई इतके दिवस थांबली. सरांनी ओटीपोटावर प्रोब ठेवला आणि सांगायचे थांबले. मग म्हणाले, गर्भाशयं दोन आहेत. डावीकडचं व्यवस्थित. उजवीकडच्याची वाट खाली बंद, आत रक्त साठलेलं. डावीकडून पाळी येत होती म्हणून कुणाला शंका आली नाही, आणि उजवीकडचं रक्त महिन्यामागून महिना साठत होतं. इथपर्यंत मी टाइप केलं. तोवर सरांनी प्रोब उचलून थेट मुलीच्या उजव्या कुशीत लावला. मला वाटलं, चुकून. मग आवाज आला, "राइट किडनी नॉट सीन."

माझा हात थांबला. साच्यात तर "बोथ किडनीज आर नॉर्मल" लिहिलेलं होतं. सरांनी खाली ओटीपोटात शोधलं, कधीकधी किडनी तिथं राहते म्हणून. नव्हती. डावी किडनी नेहमीपेक्षा थोडी मोठी होती, एकटीनं काम ओढल्यामुळं. मुलीची आई गोंधळून म्हणाली, "सर, दुखतंय पाळीत, तुम्ही किडनी कुठनं काढली?" अगदी माझ्याच मनातलं. सरांनी तिला खुर्चीत बसवलं. सांगितलं, की उजव्या बाजूचं काम आईच्या पोटात असतानाच अर्धवट राहिलं आहे, एका किडनीवर माणूस पूर्ण आयुष्य काढतो, हजारातल्या एकाला जन्मतः एकच असते, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. पाळीच्या दुखण्याला उपाय आहे. खालचा बंद पडदा छोट्या ऑपरेशननं काढला की साठलेलं रक्त वाहून जातं. फक्त आता थांबायचं नाही, कारण साठलेलं रक्त मागे फिरून पोटात जायला लागतं.

गर्भाशय बघून त्यांना किडनी आठवली कशी, हे मी संध्याकाळी पेशंट संपल्यावर विचारलं. सरांनी कपाटातून लँगमनचं भ्रूणशास्त्राचं जुनं पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. फिल्मच्या रिकाम्या पाकिटामागे पेन्सिलीनं रेघा मारायला लागले.

गर्भ चार आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी पेशींचा एकेक उभा पट्टा असतो. किडनी आणि लैंगिक ग्रंथी, दोन्हीचं मूळ त्या भागात. तिथं एकामागून एक अशा तीन किडन्या तयार होतात. पहिली नावापुरती, लगेच विरते. दुसरी काही आठवडे टिकते, आणि तिला दोन्ही बाजूंनी खालपर्यंत जाणारी एकेक नळी असते. मासे आणि बेडूक या दुसऱ्या प्रकारच्या किडनीवरच आयुष्य काढतात. आपल्याला लागते ती तिसरी. ती उगवते पाचव्या आठवड्यात, दुसरीच्या नळीच्या खालच्या टोकाला फुटलेल्या एका अंकुरातून. अंकुर वाढून मूत्रवाहिनी होते, आणि तो ज्या पेशींमध्ये शिरतो त्यांची किडनी होते. अंकुर फुटला नाही तर किडनी नाही.

"मग दुसरीचं काय होतं?" मी विचारलं.

"विरते. पण नळी राहते. पुरुषांत."

त्या जुन्या नळीची पुरुषांत शुक्रवाहिनी होते. मोडीत निघालेल्या किडनीची नळी! माझ्यातली बी.कॉम. हसली. निर्लेखित केलेली मालमत्ता पुन्हा वापरात घेतलेली आमच्या लेखापरीक्षकांनी कधी चालू दिली नसती. बायकांत ही नळी विरते, आणि तिच्या शेजारून आलेल्या दुसऱ्या जोडीतून बीजवाहिन्या, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग घडतो. पहिल्या नळीला व्होल्फची म्हणतात, दुसरीला म्युलरची. कास्पार फ्रीडरिश व्होल्फ या जर्मन तरुणानं कोंबडीच्या गर्भाचा अभ्यास १७५९ मध्ये मांडला. योहानेस म्युलरनं दुसऱ्या नळीवर लिहिलं १८३० मध्ये. गंमत अशी, की सातव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भात दोन्ही जोड्या असतात, पुढं मुलगा होणार असो वा मुलगी. कुठली जोडी ठेवायची आणि कुठली विरवायची ते वृषणाचे हार्मोन ठरवतात. आल्फ्रेड जोस्त यांनी १९४७ मध्ये पॅरिसमध्ये सशाच्या पोटातल्या गर्भांवर नाजूक शस्त्रक्रिया करून त्यांच्या लैंगिक ग्रंथी काढल्या, तर सगळ्यांच्याच आत मादीची रचना तयार झाली. वृषणाकडून निरोप आला नाही की गर्भाशयच घडतं.

आता त्या मुलीची गोष्ट. म्युलरची नळी आपली आपण खाली येत नाही, व्होल्फच्या नळीचा आधार धरून येते. मधल्या रेषेवर दोन्ही बाजूंच्या नळ्या एकमेकींना मिळतात आणि एक गर्भाशय होतं. उजवीकडची व्होल्फची नळी कुठंतरी चुकली. अंकुर फुटला नाही, म्हणून किडनी नाही. आधार मिळाला नाही, म्हणून उजवी म्युलर नळी डावीला मिळाली नाही आणि खाली बंद राहिली. दोन धड्यांमधले दोन दोष, आणि मूळ एकच नळी. गर्भाशयाच्या घडणीत दोष दिसला की किडनी बघायचीच, आणि एखाद्या मुलीला एकच किडनी सापडली तर पाळी येण्याच्या वयात गर्भाशय बघायचं, हा नियम यातूनच आला. पुरुषांतही एका बाजूची शुक्रवाहिनी नसेल तर सर त्या बाजूची किडनी आधी शोधतात.

ते पाकीट मी घरी नेलं. जेवताना आईला समजावून सांगायला लागले, तर वडील ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

त्यानंतर रिपोर्ट टाइप करताना मला सगळीकडे धागे दिसायला लागले. मुतखड्याचा माणूस कुशीत दुखतं म्हणतो आणि हात जांघेत नेतो, वृषणापर्यंत कळ जाते म्हणतो. वृषण मुळात तयार होतं वर, किडनीच्या जवळ, पाठीच्या भिंतीला. तिथून ते जन्माआधी खाली उतरतं आणि आपली रक्तवाहिनी, आपल्या नसा बरोबर घेऊन येतं. किडनी उलट. ती ओटीपोटात घडते आणि वर चढते. जुन्या शेजाराच्या नसा मात्र राहतात. डाव्या वृषणाची शीर तर आजही थेट डाव्या किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते. उजवीकडची तशी मिळत नाही. म्हणून वृषणाभोवतीच्या शिरा फुगण्याचा आजार बहुतेक वेळा डावीकडे दिसतो. आणि उतारवयात तो एकाएकी झाला, तर सर प्रोब उचलून डावी किडनी बघतात, तिथं गाठ तर नाही ना म्हणून. आता मी त्यांच्या आधीच किडनीची ओळ उघडून ठेवते.

गरोदर बायकांचे रिपोर्ट सर्वांत जास्त. "पाणी किती आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बाळाभोवतीचं पाणी कमी म्हटलं की सासू म्हणते, हिला नारळपाणी पाजा. ते पाणी येतं कुठून, हे मला कळलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरचा चहा बाजूला सारला. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर त्यातला बहुतेक भाग बाळाची लघवी असते. बाळ ते गिळतं, पुन्हा लघवी करतं, पुन्हा गिळतं. घाण काही नाही त्यात. बाळाच्या रक्तातला कचरा वार साफ करते, बाळाची लघवी जवळजवळ नुसतं पाणीच. पण बाळाच्या दोन्ही किडन्या नसतील तर पाणीच राहत नाही, आणि पाणी नसेल तर छाती दबून फुप्फुसं वाढत नाहीत. म्हणून पाणी कमी दिसलं की सर पहिल्यांदा बाळाच्या किडन्या आणि मूत्राशय शोधतात.

इथं एक अडचण कायद्याची येते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला, केंद्राचा आला १९९४ मध्ये. त्यातला एफ फॉर्म प्रत्येक गरोदर बाईचा मी भरते, आणि सही राहिली तर माझ्याआधी सरांची झोप उडते. आता बाळाचा मूत्राशय फुगलेला आणि पाणी कमी, असं दिसलं तर कारणांमध्ये लघवीच्या नळीतल्या पडद्यांचा एक दोष असतो, जो फक्त मुलग्यांतच होतो. रिपोर्टमध्ये त्याचं नाव लिहिलं तर लिंग सांगितल्यासारखंच. सर "लोअर युरिनरी ट्रॅक्ट ऑब्स्ट्रक्शन" एवढंच सांगतात. खालच्या वाटेत अडथळा, बस. ते नाव का टाळतात ते मला पुष्कळ नंतर वाचून कळलं.

आता शेवटची केस, जिच्यामुळं हे लिहायला बसले.

साठीच्या एक आजी. पायांवर सूज, लघवी होतच नाही म्हणाव्या इतकी कमी, रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं. सुनेनं चिठ्ठी पुढे केली: किडनी बघा. दोन्ही किडन्या फुगलेल्या होत्या, दोन्ही मूत्रवाहिन्याही. मूत्राशय मात्र रिकामा. सर नळीमागून नळी खाली येत गेले आणि गर्भाशयाच्या तोंडाशी थांबले. तिथं मोठी गाठ होती. मूत्रवाहिनी किडनीकडून मूत्राशयाकडे जाताना गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते, गर्भाशयाच्या रोहिणीच्या खालून. गर्भाशय काढताना सर्जन तिला जपतात ते यासाठीच. मुखाचा कॅन्सर पसरला की तो तिथंच तिला दाबतो. किडनीला काही झालेलं नसतं, तिची खाली जायची वाट बुजलेली असते.

सरांनी विचारलं, "आजी, अंगावरून लाल जायचं का?"

"जायचं की अधनंमधनं. वरीस झालं." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "ते काय सांगायचं? लघवी होईना म्हणून आले."

सून म्हणाली, "आत्या, मला बोलला नाहीसा कधी."

रिपोर्टमध्ये मी किडनीच्या ओळीत सूज लिहिली आणि ब्लॅडरच्या खालच्या ओळीत गाठ. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळं किडनी फुगली असेल तर तेवढ्यानंच आजार तिसऱ्या टप्प्यात धरतात. आजींना मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आधी पाठीतून नळी घालून लघवी मोकळी करायला आणि मग पुढच्या उपचारांना.

मला या सगळ्यात राग येतो तो दारांवरच्या पाट्यांचा. पुरुषाला एक दार आहे. मूत्ररोगतज्ज्ञ त्याची किडनी, मूत्राशय, प्रोस्टेट, वृषण, सगळंच बघतात. बाईला दोन दारं. लघवीचं एकाकडे, पाळीचं दुसरीकडे, आणि मूत्ररोगतज्ज्ञ म्हणजे पुरुषांचे डॉक्टर असं गाव समजून चालतं, म्हणून त्या दारात ती सहसा जातच नाही. मग मधल्या दोन सेंटिमीटरमधलं बघायचं कुणी? आमच्या सेंटरपुरतं मी एक केलं आहे. काउंटरवरच्या कागदावर सगळ्याच बायकांना मी शेवटची पाळी विचारते, मुतखड्याला आलेल्यांनाही. पाळी गेलेली असेल तर त्यानंतर कधी लाल गेलं का, हेही. आणि पाळीच्या तक्रारीला आलेल्यांना लघवीचं विचारते. काहीजणी चिडतात. मावशींनी विचारलं की चिडत नाहीत, म्हणून आता मावशीच विचारतात.

वाचणाऱ्या बायकांना एवढंच सांगणं, की लघवीसाठी गेलात तरी अंगावरून जाण्याचं सांगा, आणि पाळीसाठी गेलात तरी लघवीचं. पाळी गेल्यावर एकदा जरी लाल दिसलं, किंवा संबंधानंतर दिसलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून केली जाते. तिला काही मिनिटं लागतात, आणि पैसे पडत नाहीत.